शेतात नवीन वाण निघालं तर बी वाटायच्या आधी काय काय करायचं

आमचे काका इंदूर जिल्ह्यात सांवेरजवळ शेती करतात, सगळी काळी माती, खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू नाहीतर लसूण. सात-आठ वर्षांपूर्वी एकदा कापणीच्या वेळी पाऊस लागून राहिला, मजूर मिळेनात, कापणी पंधरा दिवस लांबली आणि शेंगा उभ्या रोपांवर तडकून दाणे खाली सांडले. त्यात काकूला बांधाकडच्या ओळीत पाच-सहा झाडं अशी दिसली की ज्यांच्या शेंगा मिटलेल्याच होत्या. तिने ती झाडं वेगळी उपटली, वेगळी झोडपली, सुपात पाखडून बी एका डब्यात भरून ठेवलं. पुढे तीन हंगाम काका-काकूंनी तेच बी वाढवलं. मग गावभर बोलबाला झाला, जो येईल त्याला बी दिलं, काहींना विकलंही, आणि एकजण "ट्रायल लावून बघतो" म्हणून दोन क्विंटल घेऊन गेला. दोन वर्षांनी तसंच दिसणारं बी पिशवीत भरून, भलतंच नाव लावून मंडीत विकायला. आमच्याकडे ना तारीख, ना फोटो, ना कोणाची सही. काय सिद्ध करणार?

त्यानंतर मी पिकांच्या वाणांवर हक्क देणाऱ्या कायद्याच्या मागे लागले. शेतकऱ्याच्या बाजूचं त्यात खूप काही आहे पण ते कोणी सांगत नाही म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट, पेटंटच्या मागे धावू नका. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे रोपं, बियाणं, पिकांची वाणं यांना पेटंट मिळतच नाही. कोणी एजंट "पेटंट काढून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. वाणासाठी वेगळा कायदा आहे, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१. जागतिक व्यापाराच्या ट्रिप्स करारात प्रत्येक देशाला वाणांसाठी काहीतरी संरक्षण देणं भाग होतं, पण ते आपल्या पद्धतीने द्यायची मोकळीक होती. बरेच देश युपोव्ह नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात गेले, भारत गेला नाही, आपण स्वतःचा कायदा केला आणि त्यात वाण तयार करणाऱ्यासोबत शेतकऱ्याचेही हक्क लिहिले. तो राबवणारं प्राधिकरण २००५ मध्ये स्थापन झालं, ऑफिस दिल्लीला पुसा भागात, आणि अर्ज २००७ पासून घ्यायला लागले. या कायद्यात "ब्रीडर" म्हणजे फक्त कंपनी किंवा युनिव्हर्सिटीचे शास्त्रज्ञ नाहीत, वाण विकसित करणारा शेतकरी किंवा शेतकऱ्यांचा गटसुद्धा ब्रीडरच. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

आता तुमचं वाण कोणत्या दरवाजाने आत जाणार ते ठरवायचं, कारण इथेच जास्त लोक चुकतात. नवीन वाण म्हणून अर्ज करायचा तर ते भारतात अर्जाच्या तारखेआधी एक वर्षापेक्षा जास्त काळ विकलेलं किंवा धंद्यासाठी दुसऱ्याला दिलेलं नको. परदेशात विकलं असेल तर झाडं आणि वेलींना सहा वर्षं, बाकी पिकांना चार वर्षांची मुभा आहे, पण आपल्या लोकांना लागतं ते हे भारतातलं एक वर्षच. आमच्या काकांचं हे वर्ष केव्हाच उलटून गेलं होतं. म्हणजे सगळं संपलं का, तर नाही! शेतकऱ्यांनी परंपरेने लावलेलं, आपल्या शेतात विकसित केलेलं वाण "शेतकरी वाण" म्हणून नोंदवता येतं आणि तिथे हा नवेपणाचा नियम लागत नाही, फक्त ते इतर वाणांपेक्षा वेगळं आहे, एकसारखं आहे (सगळी झाडं सारखी) आणि स्थिर आहे (दरवर्षी तसंच येतं) एवढं दिसायला हवं. सरकारने आधीच अधिसूचित केलेल्या वाणांसाठी आणखी एक दरवाजा आहे, तो युनिव्हर्सिट्या वापरतात, आपल्याला त्याचं काम नाही.

अजून एक अडचण आधीच बघून घ्या. तुमचं वाण दुसऱ्या एखाद्या वाणातूनच निवडलेलं असेल, म्हणजे समजा जेएस ३३५ या सोयाबीनच्या वाणाच्या शेतात एक वेगळं झाड दिसलं आणि तेच वाढवलं, बाकी सगळं ३३५ सारखंच, तर कायद्यात त्याला "मूलतः साधित वाण" म्हणतात आणि मूळ वाणावर कोणाचं संरक्षण चालू असेल तर त्याची परवानगी लागते. उलटही तसंच, शेतकऱ्याच्या वाणातून कंपनीने काही काढलं तर शेतकऱ्याची संमती हवी. म्हणून मूळ बी कुठून आणलं, कोणत्या दुकानातून, कोणत्या साली, बिल असेल तर बिल, सगळं लिहून ठेवा. अर्जातही हे विचारतात, बी कायदेशीर मार्गाने मिळालंय असं लिहून द्यावं लागतं. आणि पीक कोणतं तेही बघा, सरकारने अधिसूचित केलेल्या पिकांनाच नोंदणी मिळते. सोयाबीन, गहू, हरभरा, लसूण, बटाटा म्हणजे माळव्यातली मुख्य पिकं यादीत आहेत.

आता वही. मला विचाराल तर सगळ्या कामात हेच सगळ्यात महत्त्वाचं आणि हे फुकटात होतं. शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या दिवसापासून लिहा, पेरणीची तारीख, किती बी, कोणत्या बाजूला, शेजारी काय होतं. मोबाईलने फोटो काढा आणि ते दुसरीकडे सेव्ह करा, मोबाईल फुटला की सगळं गेलं असं नको. सोयाबीनमध्ये काय बघायचं ते मी इंदूरच्या खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेत जाऊन विचारून आले होते. उगवल्यावर कोवळ्या देठावर जांभळी झाक आहे का, फूल पांढरं की जांभळं, पेरणीपासून निम्म्या झाडांना फूल यायला किती दिवस, पान अरुंद टोकदार की गोलसर, शेंगेवर लव आहे का आणि असेल तर राखाडी की तपकिरी, पिकलेली शेंग पिवळी, तपकिरी की काळी, झाडाची उंची, दाण्याचा आकार, रंग, चमक, आणि दाण्यावर जिथे तो शेंगेला चिकटलेला असतो तिथल्या डोळ्यासारख्या डागाचा रंग. आमच्या वाणाचं फूल पांढरं आणि डाग तपकिरी, ३३५ चं फूल जांभळं आणि डाग काळा, म्हणजे उभ्या पिकातही फरक दिसतो. शेंगा न तडकणं हा मोठा गुण खरा, पण नोंदणीसाठी वाणाची टेस्ट घेणारे फक्त तेवढ्यावर मानत नाहीत, त्यांना डोळ्यांनी दिसणारा किंवा मोजता येणारा फरक लागतो आणि तो दरवर्षी तसाच यायला लागतो.

ते तसंच यावं म्हणून बी शुद्ध करावं लागतं आणि इथे घाई करू नका. चांगली झाडं निवडायची, प्रत्येकाचं बी वेगळ्या पुडीत, पुढच्या वर्षी प्रत्येक पुडीची वेगळी ओळ पेरायची, ज्या ओळीत भेसळ दिसेल ती अख्खी ओळ काढून टाकायची, एक झाड काढून भागत नाही. फुलोऱ्यात एकदा आणि शेंगा पिकताना एकदा शेतात फिरून वेगळं दिसणारं झाड उपटायचं. सोयाबीनचं परागीकरण फुलातच होतं त्यामुळे शेजारच्या वाणाशी संकर फार कमी होतो, तरी तीनेक मीटर अंतर सोडा, आणि खरी भेसळ होते ती थ्रेशरमध्ये! आधीच्या शेतातले दाणे मशीनमध्ये अडकलेले असतात. काकू तेवढं बी अजूनही हातानेच झोडपते. शेतकरी वाणाला एकसारखेपणाच्या नियमात थोडी सूट असते, म्हणजे बाकीच्यांना जितकी वेगळी झाडं चालतात त्याच्या दुप्पट आपल्याला चालतात, पण त्या भरवशावर राहू नका.

बी कोणालाही द्यायचं असेल, भाऊबंद असले तरी, एक कागद करा. नवीन वाणाची ट्रायल लावल्याने हक्क जात नाही, विकून वर्ष उलटलं की जातो, आणि दोन्हीमधला फरक तुम्हाला तो कागदच दाखवून देणार. आम्ही आता असं लिहितो, "हे दोन किलो सोयाबीन बी फक्त चाचणीसाठी दिलं आहे, विकायचं नाही, वाढवून दुसऱ्याला द्यायचं नाही, चाचणीनंतर आलेलं आणि उरलेलं बी परत करायचं." खाली तारीख, दोघांच्या सह्या, एक साक्षीदार, आणि कागदाचा फोटो. लोकांना वाईट वाटतं असं काका म्हणायचे. ज्याला सही करायला वाईट वाटतं त्याला बी देऊ नका, माझं सरळ म्हणणं आहे.

नाव ठरवताना नुसते आकडे चालत नाहीत, लोकांची दिशाभूल होईल असं नाव चालत नाही, आणि गावाचं किंवा प्रदेशाचं नाव घातलं तर हरकत निघू शकते, नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रारला प्रामाणिक वाटलं तरच ते मान्य होतं. आम्ही आधी त्यात "मालवा" घालणार होतो, मग सोडून दिलं.

मग अर्ज. शेतकरी वाणाचा फॉर्म वेगळा आणि सोपा आहे, प्राधिकरणाच्या वेबसाईटवर मिळतो. त्यावर शिफारशीची सही लागते, ती पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किंवा सचिव, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकारी यापैकी कोणाचीही चालते. इंदूरवाल्यांचं विद्यापीठ म्हणजे ग्वाल्हेरचं राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ, आणि इंदूरचं कृषी महाविद्यालय त्याच्याच खाली येतं, तिथून सुरुवात करा. कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारून बघा. एका ऑफिसात आम्हाला तीन वेळा परत पाठवलं कारण तिथल्या माणसाला हा फॉर्मच माहीत नव्हता, म्हणून कायद्याची आणि फॉर्मची प्रिंट सोबत न्या आणि शांतपणे दाखवा. फीचं टेन्शन घेऊ नका, कलम ४४ प्रमाणे शेतकऱ्याला प्राधिकरण, रजिस्ट्रार आणि या कायद्याखाली हायकोर्टातही फी माफ आहे. कोणी "सरकारी फी" म्हणून पैसे मागितले तर हेच कलम दाखवा.

पुढे बी पाठवायचं, ते दोन ठिकाणी लावून टेस्ट होते, शेतकरी वाणाची एक हंगाम आणि नवीन वाणाची दोन हंगाम. सोयाबीन वर्षातून एकदाच, म्हणजे नवीन वाणाला दोन वर्षं तशीच जातात. सगळं पसंत पडलं की प्राधिकरणाच्या जर्नलमध्ये जाहिरात येते आणि तीन महिने कोणीही आक्षेप घेऊ शकतो. हे जर्नल तुम्हीही वाचत जा, तुमच्या वाणासारखं काही दुसऱ्याच्या नावाने आलं तर तेव्हाच हरकत घ्यायची असते. आमची वेळ निघून गेली ती हे माहीत नव्हतं म्हणून.

सर्टिफिकेट मिळालं की पिकांना आधी सहा वर्षं, नूतनीकरण करून एकूण १५, झाडं आणि वेलींना आधी नऊ आणि एकूण १८. ते वाण पिकवणं, विकणं, वाटणं, आयात-निर्यात हे सगळं मग तुमच्या परवानगीने. नूतनीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आणि हे दुसऱ्या बाजूनेही समजून घ्या, कारण आपण बी विकतही घेतो. कलम ३९ प्रमाणे शेतकरी संरक्षित वाणाचंसुद्धा बी ठेवू शकतो, पेरू शकतो, परत पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, विकूही शकतो, फक्त त्या वाणाचं नाव छापून पिशवीत भरून ब्रँडेड बी म्हणून विकता येत नाही. कंपनीने सांगितलेलं उत्पन्न आलं नाही तर नुकसानभरपाई मागायचाही हक्क त्याच कलमात आहे. २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातेत साबरकांठा, अरवल्ली भागातल्या शेतकऱ्यांवर एफएल २०२७ हा चिप्सचा बटाटा लावला म्हणून केस केली, चौघांकडून तर प्रत्येकी एक कोटीच्या वर मागितले. देशभर आवाज उठला आणि मे महिन्यात केसेस मागे घेतल्या. मग शेतकरी हक्कांसाठी काम करणाऱ्या कविता कुरुगंटी यांच्या अर्जावरून प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये सर्टिफिकेटच रद्द केलं, २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी ते कायम ठेवलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायाधीशांच्या बेंचने तो निर्णय फिरवला. एवढ्या मोठ्या कंपनीची लढाईसुद्धा पहिल्या विक्रीच्या तारखेवर आणि हक्क कोणाकडून आला त्या कागदांवर येऊन थांबली होती. माळव्यातही चिप्सचा बटाटा होतो, त्यामुळे ही केस आपल्या लोकांनी वाचायलाच हवी.

बरेच जण जीआय टॅगशी (भौगोलिक मानांकनाशी) गल्लत करतात. रतलामच्या रियावन लसणाला जीआय आहे, ते त्या भागाच्या नावाचं संरक्षण, एका वाणाचं किंवा एका माणसाचं नाही. आणि जुनी देशी वाणं जपणाऱ्यांसाठी प्राधिकरणाचे प्लँट जीनोम सेव्हियर पुरस्कार आहेत, गावाला किंवा समुदायाला १० लाखांपर्यंत, एकट्या शेतकऱ्याला दीड लाख. कठिया गहू वर्षानुवर्षं राखणारी घरं अजून आहेत, त्यांनी अर्ज करावा असं मला मनापासून वाटतं.

आमचा फॉर्म भरताना काकांनी अर्जदार म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, जमीन त्यांच्या नावावर, बँक खातं त्यांचं, म्हणून सवयीने. मी विचारलं ती झाडं कोणी बघितली होती, बी कोणी राखलं? कायद्यात अर्जदार एकापेक्षा जास्त असू शकतात. काका थोडा वेळ गप्प बसले, मग दुसरा कोरा फॉर्म मागितला आणि पहिल्या ओळीत काकूचं नाव घातलं.