जुन्या मोटारीच्या इंजिनातील ऑइलचे दोष कसे शोधावेत

१९६१ पूर्वी पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आलेल्या मोटारी असोत वा नंतरच्या ॲम्बॅसेडर आणि फियाट, त्यांपैकी बऱ्याच आता वर्षभर धावत नाहीत. पावसाळाभर त्या झाकून उभ्या राहतात आणि चवथीनंतर पाऊस ओसरला की बाहेर निघतात. ऑइलचा दाब कमी दिसत असल्याची तक्रार बहुधा त्याच सुमारास सुरू होते आणि तिच्यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे अधिक जाड ऑइल भरणे. त्याने काटा वर चढतो खरा. परंतु चेंबरमधील (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या पात्रातील) जाळी तुंबलेली असेल तर जाड ऑइल ओढणे पंपाला आणखी जड जाते, आणि बेअरिंग झिजलेले असेल तर ते झिजतच राहते. म्हणून ऑइल बदलण्यापूर्वी कारण शोधावे.

सुरुवात डिपस्टिकपासून करावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पातळी पाहावी. ती घटली असेल तर गळती किंवा ऑइल जळणे ही कारणे उघड आहेत. मात्र ऑइल न भरता ती वाढली असेल तर प्रकरण अधिक गंभीर समजावे. इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगवरचा थर टिकत नाही. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आल्यास पंप दुरुस्त करून ऑइल बदलेपर्यंत इंजिन चालू करू नये. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ लेप दिसणे हे पाण्याचे लक्षण आहे. केवळ बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत तो दमट हवेमुळेही जमतो. रेडिएटरचे पाणीही घटत असेल तर हेड गॅस्केट (सिलिंडरच्या वरच्या झाकणाखालची सांधपट्टी) तपासावे.

दाब मोजताना जुन्या विजेच्या गेजवर विसंबू नये. सेंडर (दाब ओळखून गेजला कळवणारा, इंजिनावर बसवलेला भाग) काढून त्या जागी यांत्रिक गेज लावावे आणि इंजिन पूर्ण तापल्यावर वाचन घ्यावे. इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या दर १००० फेऱ्यांमागे सुमारे १० पीएसआय (दाबाचे एकक) हा ढोबळ अंदाज उपयोगी असला तरी तो सरसकट लावता येत नाही. १९०८ ते १९२७ या काळातील फोर्ड मॉडेल टीमध्ये ऑइलचा पंपच नाही. तेथे ऑइल शिंतोड्यांनी पसरते आणि त्याची पातळी फ्लायव्हीलच्या घरावरील दोन तोट्यांच्या दरम्यान राखणे हेच महत्त्वाचे असते. पंप असलेल्या इंजिनात दाब खरोखरच कमी आढळल्यास प्रथम रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) उघडावा, कारण तो अनेक इंजिनांत बाहेरूनच निघतो आणि त्याच्या बैठकीवर अडकलेला कचऱ्याचा एक कण किंवा थकलेली स्प्रिंगही दाब घालवण्यास पुरेशी ठरते. त्यानंतर चेंबर उतरवून जाळी पाहावी, आणि शेवटी पंप व बेअरिंगची झीज मोजावी.

चेंबर उतरवण्याचा कंटाळा मात्र करू नये. फिल्टर नसलेल्या, किंवा ऑइलचा काही भागच गाळणाऱ्या इंजिनांत अनेक वर्षे साधे ऑइल वापरलेले असते, आणि त्यातील काजळी तळाशी गाळ होऊन बसते. अशा इंजिनात आजचे डिटर्जंट ऑइल एकदम भरले की सुटलेला गाळ जाळीवर आणि ऑइलच्या बारीक वाटांत अडकू शकतो. आधी चेंबर व जाळी रॉकेलने धुऊन कोरडी करावीत, मगच डिटर्जंट ऑइल भरावे आणि पहिले ऑइल लवकर बदलावे. (काढलेले ऑइल जमिनीत ओतू नये, सच्छिद्र चिऱ्याच्या भूमीत ते विहिरीपर्यंत पोचू शकते.)

युरोपात छापलेल्या पुस्तिकेतील थंडीच्या ग्रेडचा रकाना गोव्यात सोडून द्यावा. २०डब्ल्यू-५० या ग्रेडचे जाड ऑइल येथे बहुतेक ॲम्बॅसेडर-फियाटना चालते. जुन्या सपाट टॅपेटना (कॅमशाफ्टवर घासत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांना) जस्त-फॉस्फरसयुक्त झीजरोधक लागतो. नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या रक्षणासाठी २००४ च्या एपीआय एसएम या ऑइलच्या दर्जा-श्रेणीपासून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित झाला, म्हणून नव्या गाडीसाठीचे महागडे पातळ ऑइल जुन्या कॅमशाफ्टला उपकारक ठरत नाही.

गाडी झाकण्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीसच ऑइल बदलावे, कारण वापरलेल्या ऑइलमधील आम्ल आणि ओलावा चार महिने बेअरिंगला चिकटून राहणे हानिकारक आहे. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालवण्याची प्रथा मला अयोग्य वाटते; इतक्या वेळात पाणी उडून जात नाही, उलट नवे साचते. चालवायचेच असेल तर पाऊस उघडल्यावर अर्धा तास रस्त्यावर न्यावे.

दीर्घ विश्रांतीनंतर सर्व प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, कॉइलची वायर सोडवून गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवावा. प्लग बसवून इंजिन चालू झाल्यावर, ओव्हरहेड व्हॉल्व्हचे इंजिन असल्यास, मंद गतीत रॉकरचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांचे) झाकण उघडून पाहावे. एखादा रॉकर कोरडाच राहत असेल तर गेजवरचा दाब कितीही चांगला असो, त्याची ऑइलची वाट साफ होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.