बारच्या वेगावरून ठरवा आजचं वजन
सांगलीच्या मार्केट यार्डात मी अडत दुकानात कामाला आहे. हळदीचे सौदे जोरात असले की दिवसभर उभं राहावं लागतं, आणि संध्याकाळी विश्रामबागच्या जिममध्ये बारवर हाताचे पिवळे ठसे उमटतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी वेळापत्रकात ११० किलोचे पाच स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठणं) होते. तिसऱ्यालाच वर येता येईना, बार रॅकच्या आडव्या दांड्यांवर सोडावा लागला. चार दिवसांपूर्वी हेच वजन सहज निघालं होतं. तेव्हापासून मी मॅक्सच्या, म्हणजे एकदाच निघणाऱ्या जास्तीत जास्त वजनाच्या, टक्केवारीआधी बारचा वेग बघतो.

त्यासाठी टेप आणि स्लो मोशनचा मोबाइल पुरे. उभं असताना बार जमिनीपासून किती उंच आणि पूर्ण खाली बसल्यावर किती, हे जोडीदाराला मोजायला सांगा. माझा फरक ५८ सेंटिमीटर भरतो. मोबाइल बाजूला, कंबरेच्या उंचीवर ठेवून सेकंदाला २४० फ्रेमवर शूट करा. तो व्हिडिओ ३० फ्रेमने चालला की एका सेकंदाचे आठ होतात. तळातून बार हलल्यापासून गुडघे सरळ होईपर्यंत स्टॉपवॉच लावा आणि आलेल्या वेळेला आठाने भागा. १०० किलोला माझे ७.७ सेकंद भरले, म्हणजे खरे ०.९६. अंतर ०.५८ मीटर, तेव्हा वेग सेकंदाला ०.६० मीटर.

प्रत्येक रेप (एकदा बसून उठणं) वर येताना मात्र पूर्ण ताकदीने ढकलायचा, बारवर ६० किलो असले तरी. हलकं आहे म्हणून निवांत उठलात तर तो आकडा कामाचा नाही. आमच्याकडची पोरं नेमकी इथंच चुकतात.

झोप चांगली झालेल्या दिवशी स्वतःचा तक्ता करा. माझा असा: ६० किलोला ०.९८, ८० ला ०.८०, १०० ला ०.६०, १२० ला ०.४२. वजन वाढेल तसा वेग जवळपास सरळ रेषेत उतरतो. स्क्वॉटमध्ये जेमतेम एकदाच निघणारं वजन साधारण ०.३० च्या वेगाने वर येतं. म्हणजे मॅक्स न मारताही माझा मॅक्स १३३ च्या आसपास, हे कळलं. बेंच प्रेसला (पाठीवर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) तोच शेवटचा वेग ०.१५ च्या जवळ असतो, म्हणून त्याचा तक्ता वेगळा. दुसऱ्याचा तक्ता तर कधीच वापरू नका.

सेट, म्हणजे सलग मारलेले रेप, कुठं थांबवायचा, हेही वेगच सांगतो. पहिला रेप ०.६० ने गेला आणि पुढचा ०.४८ वर आला, म्हणजे २० टक्के घट झाली, की मी बार ठेवतो. २०१७ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी आठ आठवडे स्क्वॉट करून घेतले. २० टक्क्यांवर थांबणाऱ्यांची ताकद ४० टक्क्यांपर्यंत ताणणाऱ्यांइतकीच वाढली, उडी जास्त सुधारली. मांडीचा आकार मात्र ताणणाऱ्यांचा अधिक वाढला. मला दुसऱ्या दिवशी परत सौद्याला उभं राहायचं असतं, माझ्यासाठी २० च बरोबर.

काल वॉर्मअपच्या १०० किलोला ८.६ सेकंद लागले, वेग ०.५४. तक्त्याप्रमाणे सहा-सात किलोंचा फरक. ठरलेल्या ११० ऐवजी १०२.५ लावले, पाचही रेप स्वच्छ निघाले.