चट्टी पत्तिरी: गॅस पेटवण्याआधी काय काय तयार हवं

चट्टी पत्तिरी उत्तर केरळातली, कण्णूर, थलशेरी, कोळिकोड या पट्ट्यातल्या मापिळा मुसलमानांच्या घरची. रमजानात इफ्तारला ती हमखास होते. मैद्याची पातळ घावनं अंडं-दुधात बुडवून एकावर एक रचायची, मधल्या प्रत्येक थराला कोंबडीचं किंवा मटणाचं सारण, आणि झाकून मंद आचेवर शिजवायची. चट्टी म्हणजे भांडं. पूर्वी झाकणावर निखारे ठेवून वरूनही धग देत, गोव्यात बेबिंक भाजतात तशी. गॅसवर ही वरची धग मिळत नाही, म्हणून पत्तिरी उलटावी लागते, आणि तयारीतली निम्मी काळजी त्या उलटण्यासाठीच असते.

भांडं आधी ठरवा, बाकीची मापं त्यावर बेततात. जाड बुडाचं, सरळ कडांचं, 20 सेंमी रुंद आणि 6-7 सेंमी खोल नॉनस्टिक भांडं सर्वांत सोयीचं. झाकण घट्ट बसणारं हवं. भांडं 24 सेंमीचं घेतलं तर घावनं आणि कड यांत फट राहते, अंडं तिथे वाहून जातं आणि कडेला नुसतं ऑम्लेट तयार होतं. खाली ठेवायला एक जुना लोखंडी तवा काढून ठेवा. उलटण्यासाठी भांड्यापेक्षा चार-पाच सेंमी मोठी, सपाट, काठ नसलेली ताटली लागेल. रिकाम्या भांड्यावर ती ताटली पालथी घालून, दोन्ही एकत्र धरून एकदा उलटून बघा. हाताची पकड कुठे बसते हे गरम तुपासकट शोधायची वेळ येऊ देऊ नका.

सारण आदल्या दिवशी केलं तरी चालतं, उलट बरंच. 500 ग्रॅम बिनहाडाची कोंबडी हळद, मीठ, मिरपूड आणि अर्धी वाटी पाण्यात शिजवून हातानं बारीक धागे करा. उरलेलं पाणी सूपाला ठेवा, सारणात मुळीच घालू नका. 400 ग्रॅम कांदा बारीक चिरून तीन मोठे चमचे खोबरेल तेलात मऊ होईपर्यंत परता. तो लाल करायचा नाही, नाहीतर सगळी पत्तिरी गोडसर लागते. मग एक-एक चमचा आलं-लसूण, पाच-सहा हिरव्या मिरच्या ठेचून, कढीपत्ता, एक चमचा गरम मसाला, कोंबडीचे धागे आणि शेवटी मूठभर कोथिंबीर. मलबारी गरम मसाल्यात बडीशेप असते. घरच्या मसाल्यात नसेल तर अर्धा चमचा बडीशेपेची पूड वेगळी घाला. गोडा मसाला इथे नको, त्यातले तीळ-खोबरं आणि दगडफूल चव भलतीकडे नेतात.

सारण कोरडं झालं का, याची परीक्षा सोपी आहे: कढई तिरकी करून सारण उलथन्यानं दाबा. खाली थेंबभरही पाणी साचलं तर अजून परता. चट्टी पत्तिरी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. ओल्या सारणाचं पाणी अंड्यात उतरतं, अंडं नीट धरत नाही आणि कापताना थर एकमेकांवरून सरकतात. सारण पूर्ण गार होऊ द्या आणि ताटात त्याचे सहा सारखे वाटे करा. अंदाजानं पसरत गेलात तर पहिले थर जाड होतात आणि शेवटच्याला काही उरत नाही.

घावनांसाठी 200 ग्रॅम मैदा, एक अंडं, 450 मिली पाणी, अर्धा चमचा मीठ. पीठ गाळून 20 मिनिटं झाकून ठेवा. साधारण 55 मिली पिठाचं एक, अशी अकरा निघतात. लागतात नऊ, दोन फाटण्यासाठी धरायची. तव्यावरचं घावन भांड्याच्या तळाएवढंच हवं. एकाच बाजूनं भाजा आणि वरचा ओलेपणा गेला की रंग यायच्या आत काढा. कुरकुरीत झालेलं घावन अंडं पीत नाही, आणि जाड घावन मध्ये कच्च्या कणकेसारखं राहतं.

भिजवणीसाठी चार अंडी, 150 मिली दूध, पाव चमचा मिरपूड आणि अगदी चिमूटभर मीठ. मीठ सारणात आहे, घावनात आहे, हे इथे लक्षात ठेवा. भिजवणी पसरट ताटलीत घ्या, खोल वाडग्यात घावन चुरगळतं. दहा-बारा काजूपाकळ्या आणि तेवढेच बेदाणे तुपात तळून वेगवेगळे ठेवा. दोन मोठे चमचे तूप हाताशी असू द्या.

आता रचणं. भांड्याला तूप लावा, कडांनाही. भिजवलेली दोन घावनं तळाला, मग सारणाचा वाटा, एक घावन, पुन्हा सारण. सहावा वाटा संपला की वर दोन घावनं. प्रत्येक थर तळव्यानं हलका दाबा. उरलेली भिजवणी वरून आणि कडेनं सोडा, काजू पेरा. बेदाणे आत्ता नकोत, उलटल्यावर ते जळून कडू होतात.

तवा मध्यम आचेवर तापवून आच अगदी मंद करा, मग भांडं त्यावर ठेवा. झाकणाला आतून कापड बांधा, गाठ वर घ्या आणि टोकं ज्योतीपासून दूर ठेवा. कापड नसेल तर वाफेचं पाणी पत्तिरीवर ठिबकतं. 25 मिनिटांनी वरचं अंडं बोटाला चिकटेनासं झालं पाहिजे. ते हलत असताना उलटलं तर सगळं ताटलीवर ओघळतं, म्हणून आणखी पाच मिनिटं द्या. आच वाढवू नका, त्यानं बूड करपतं आणि मध्य कच्चा राहतो. कड सुरीनं मोकळी करून ताटलीवर पालथी करा, भांड्यात चमचाभर तूप सोडून परत सरकवा आणि सात-आठ मिनिटं उघडीच ठेवा. मध्यभागी खुपसलेली सुरी कोरडी निघाली की काढायची, काजूची बाजू वर ठेवून, त्यावर बेदाणे.

कापायच्या आधी 15-20 मिनिटं थांबा आणि दातेरी सुरी वापरा. उरलेली फोड फ्रीजमधून काढून तुपाच्या बोटावर तव्यावर झाकून गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये घावनं चिवट होतात.