थंडरबर्ड आणि एनव्हीडीए: आधी जागा ओळखा, मग अक्षर दाबा

विंडोजवर थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम), दोन्ही मोफत आहेत आणि रोजच्या मेलसाठी पुरेसे आहेत. घोळ होतो तो बहुधा एकाच कारणाने: दोघांनीही एकेका अक्षराला कामे नेमून दिली आहेत, आणि ती वेगवेगळी आहेत. मेल उघडून वाचताना 'के' दाबले तर एनव्हीडीए पुढच्या लिंकवर नेतो. तेच 'के' मेलच्या यादीत दाबले तर थंडरबर्ड ती अख्खी चर्चा (मूळ मेल आणि त्यावरची उत्तरे) दुर्लक्षित ठरवतो आणि ती यादीतून नाहीशी होते. त्यामुळे कुठलेही अक्षर दाबण्याआधी आपण यादीत आहोत की मेलच्या आत, हे ठाऊक हवे. पुढची बरीचशी मांडणी त्यासाठीच आहे.

खाली 'इन्सर्ट' म्हणजे एनव्हीडीएची की. लॅपटॉपवर कॅप्स लॉकला ते काम दिले असेल तर ती वापरा. थंडरबर्डचे मेनू इंग्रजीत आहेत असे धरले आहे. 2023 मध्ये आलेल्या 115 व्या आवृत्तीत मेलची यादी नव्याने बांधली गेली, म्हणून त्याआधीच्या मार्गदर्शिकांमधल्या काही पायऱ्या आता जुळत नाहीत.

एकदाच करायची मांडणी

सुरुवात एफ8 ने करा. यादीखालचा किंवा शेजारचा वाचन-कप्पा त्याने बंद होतो. तो उघडा असेल तर यादीत बाण फिरवताना प्रत्येक मेल उघडत जातो, आणि न वाचलेले मेल वाचलेले म्हणून नोंदले जातात. सकाळी चाळीस मेल नुसते चाळले, तरी नवे कोणते होते ते संध्याकाळी कळत नाही.

मग सेटिंग्ज, जनरल, रीडिंग अँड डिस्प्ले इथे जा. मेल कुठे उघडायचा याचे तीन पर्याय मिळतील: नवा टॅब, नवी विंडो, आधीच उघडलेली विंडो. विंडोचा कोणताही पर्याय घ्या. टॅबमध्ये मेल उघडला तर फोकस (कीबोर्डचा रोख) कधी मजकुरावर असतो, कधी नसतो, आणि नेमकी तिथेच अक्षरांची गल्लत होते. विंडोत एन्टरने मेल उघडतो, एस्केपने बंद होतो आणि तुम्ही यादीत परत येता. शंका आली तर इन्सर्ट+टी दाबा. विंडोचे नाव ऐकू येते, त्यात मेलचा विषय असेल तर तुम्ही मेलच्या आत आहात.

तिसरी गोष्ट, यादीची मांडणी. कार्ड व्ह्यूऐवजी टेबल व्ह्यू, म्हणजे कॉलमांची मांडणी, निवडा. यादीच्या वरच्या पट्टीत 'मेसेज लिस्ट डिस्प्ले ऑप्शन्स' हे बटण असते, यादीतून शिफ्ट+टॅब करत मागे गेलात की सापडते. टेबल व्ह्यूमध्ये एनव्हीडीए कॉलम ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने वाचतो, म्हणून नको ते कॉलम काढून टाकले की ऐकण्याचा वेळ वाचतो. कॉलम निवडायचे बटण कॉलमशीर्षकांच्या रांगेतच आहे. पाठवणारा, विषय, वाचल्याची स्थिती, अटॅचमेंट आणि तारीख एवढे बास. पाठवणारा आधी यावा असे वाटत असेल तर त्या शीर्षकावर फोकस नेऊन आल्ट+डावा बाण दाबा. शीर्षकावर चुकून एन्टर दाबू नका, क्रमवारी बदलते आणि नवे मेल भलतीकडेच जाऊन बसतात. मांडणी जमली की कॉलम निवडायच्या त्याच बटणाच्या मेनूतून ती बाकीच्या फोल्डरांनाही लागू करता येते.

मराठीसाठी दोन बदल

मराठी मेल मराठी आवाजात ऐकायचे असतील तर एनव्हीडीएमध्ये थंडरबर्डपुरती वेगळी प्रोफाइल (सेटिंग्जचा संच) करा. थंडरबर्ड उघडा असताना इन्सर्ट+कंट्रोल+पी दाबा, 'न्यू' निवडा आणि ती 'करंट अॅप्लिकेशन'साठी वापरायची असे सांगा. आता थंडरबर्डमध्येच इन्सर्ट+कंट्रोल+व्ही दाबून आवाज मराठी करा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या आवाजात मराठी आहे. आवाज यंत्रासारखा आहे, पण जोडाक्षरे कळतात आणि मधले इंग्रजी शब्दही वाचले जातात. इतर प्रोग्रामांतला तुमचा नेहमीचा आवाज जसाच्या तसा राहतो. शेवटी इन्सर्ट+कंट्रोल+सी ने सेटिंग जतन करा.

दुसरा बदल शुद्धलेखन तपासणीचा. थंडरबर्डमध्ये इंग्रजी शब्दकोश चालू असला की देवनागरीतला जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीचा ठरतो, आणि एनव्हीडीए इमानेइतबारे प्रत्येक शब्दापाशी 'स्पेलिंग एरर' म्हणत राहतो. सेटिंग्ज, कॉम्पोझिशन इथे टाइप करतानाची तपासणी बंद करा. इंग्रजी मेलसाठी ती हवी असेल तर थंडरबर्डमध्ये ती राहू द्या आणि इन्सर्ट+कंट्रोल+डी मधून एनव्हीडीएचे ते बोलणे तेवढे बंद करा.

यादीत असताना

एफ6 ने फोल्डर, यादी आणि उघड्या कप्प्यांमध्ये फिरता येते. यादीत 'एन' पुढच्या न वाचलेल्या मेलवर नेतो. फोल्डरमध्ये तसा मेल उरला नसेल तर दुसऱ्या फोल्डरमध्ये जायचे का, असे विचारतो. 'एम' ने वाचले-न वाचले बदलते, 'एस' ने तारा लागतो. धोक्याची अक्षरे तीन: 'ए' ने मेल आर्काइव्हमध्ये जातो, 'जे' ने जंक ठरतो, आणि 'के' वर सांगितलाच आहे.

'ए' चुकून दाबला गेला तर लगेच कंट्रोल+झेड. जंक ठरलेल्या मेलवर जाऊन शिफ्ट+जे. तो जंक फोल्डरमध्ये हललेला असू शकतो, तिथे शोधा. नाहीशी झालेली चर्चा व्ह्यू मेनूतल्या थ्रेड्समध्ये 'इग्नोर्ड थ्रेड्स' चालू केल्यावर पुन्हा दिसते. तिच्यावर पुन्हा 'के' दाबले की दुर्लक्ष रद्द.

चर्चा गुंडाळलेली असेल तर उजव्या बाणाने उलगडते, डाव्याने मिटते. ही मांडणी नकोशी वाटत असेल तर व्ह्यू, सॉर्ट बाय, अनथ्रेडेड निवडा. नवशिक्यांना आम्ही हेच सुचवतो.

मेल वाचताना

विंडो उघडली की एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे एकेका अक्षराने मजकुरात फिरायच्या पद्धतीत, जातो आणि मजकूर आपोआप वाचू लागतो. न वाचल्यास इन्सर्ट+खाली बाण, लॅपटॉप मांडणीत इन्सर्ट+ए. आता अक्षरांचे अर्थ एनव्हीडीएचे: 'एच' शीर्षक, 'के' लिंक, 'जी' चित्र, 'क्यू' आधीच्या मेलचे अवतरण, 'एन' लिंका ओलांडून पुढचा साधा मजकूर. जाहिरातवजा मेलमध्ये सुरुवातीलाच पंधरा-वीस लिंका असतात, तिथे 'एन' सर्वांत कामाचा. तरीही मेल गुंतागुंतीचा वाटला तर व्ह्यू, मेसेज बॉडी अॅज, प्लेन टेक्स्ट करा. तक्ते आणि सजावट गळून पडते. मात्र बँकेच्या विवरणासारख्या मेलमध्ये तक्ताच महत्त्वाचा असतो, तेव्हा ओरिजिनल एचटीएमएलवर परत या.

लिंकांची यादी हवी तर इन्सर्ट+एफ7. इन्सर्ट नीट दाबले गेले नाही तर नुसता एफ7 थंडरबर्डला मिळतो आणि कॅरेट ब्राउझिंग (मजकुरात कर्सर फिरवायची थंडरबर्डची सोय) चालू करायचे का, असे तो विचारतो. 'नो' म्हणा.

अटॅचमेंटसाठी टॅबने खालच्या पट्टीपर्यंत जाता येते, पण खात्रीचा रस्ता मेनूचा: आल्ट+एफ, मग अटॅचमेंट्स, मग सेव्ह ऑल.

शोधताना

कंट्रोल+शिफ्ट+के ने झटपट गाळणी उघडते. शब्द लिहा, टॅबने यादीत या. काम झाल्यावर एस्केप दाबून गाळणी रिकामी करायलाच हवी. 'माझे सगळे मेल गेले' या तक्रारीमागे बहुतेकदा कालची विसरलेली गाळणी असते. जास्त अटी लावून शोधायचे तर कंट्रोल+शिफ्ट+एफ. ती चौकट स्क्रीन रीडरला सोपी जाते.

लिहिताना

नवा मेल कंट्रोल+एन, उत्तर कंट्रोल+आर, सर्वांना उत्तर कंट्रोल+शिफ्ट+आर, पुढे पाठवणे कंट्रोल+एल. पत्ता लिहून एन्टर किंवा स्वल्पविराम दिला की त्याची एक गोळी बनते आणि रकाना पुन्हा रिकामा वाटतो. पत्ता गेला असे समजून तो पुन्हा लिहू नका. डावा बाण दाबला की गोळी वाचली जाते, डिलीटने काढता येते, एफ2 ने सुधारता येते. सीसीसाठी कंट्रोल+शिफ्ट+सी, बीसीसीसाठी कंट्रोल+शिफ्ट+बी. उत्तर लिहिताना कर्सर अवतरणाच्या खाली असेल तर कंट्रोल+होमने वर या. नेहमीसाठी हवे असेल तर अकाउंट सेटिंग्जमधल्या कॉम्पोझिशन अँड अॅड्रेसिंगमध्ये उत्तर अवतरणाच्या वर सुरू होईल असे ठरवा.

फाइल जोडायला कंट्रोल+शिफ्ट+ए. विसरलात तर थंडरबर्ड मजकुरातले ठरावीक शब्द पाहून आठवण करतो. त्या शब्दांच्या यादीत 'सोबत जोडले' आणि 'जोडपत्र' तुम्ही स्वतः घाला, सेटिंग्जमधल्या कॉम्पोझिशनमध्ये ती सोय आहे.

पाठवायला कंट्रोल+एन्टर. पाठवू का, असे विचारणारी चौकट येते, आणि ती पुन्हा दाखवू नये यासाठी तिथे एक चेकबॉक्स असतो. त्याला हात लावू नका. ओळ बदलताना कंट्रोल चुकून दाबले गेले, तर अर्धवट मेल त्या चौकटीपाशीच अडतो.