जपानमध्ये त्वचेच्या डॉक्टरांकडे कसं जावं

टोकियोतला पहिला हिवाळा आपल्या त्वचेला सोसत नाही. हवा कोरडी, घरात हीटर चालू, त्यात रोज कढत पाण्याची आंघोळ. जानेवारी येईतो नडग्या पांढुरक्या पडून खाजायला लागतात. अशा वेळी गावाहून आणलेलं मलम चोपडत बसू नका. आपल्याकडे दुकानात सहज मिळणाऱ्या कित्येक मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं.

आधी घराजवळचं 'हिफुका' शोधा, म्हणजे त्वचेचा दवाखाना. सरकारच्या 'नाबी' या संकेतस्थळावर भाषेनुसारही शोधता येतं. पाटीवर 'बियो हिफुका' असेल तर ते सौंदर्योपचारांचं. तिथे बहुतेक उपचारांना विमा लागू होत नाही. थेट मोठं रुग्णालयही गाठू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गेल्यास अनेक ठिकाणी पहिल्या भेटीला किमान ७,००० येन जादा पडतात. दुपारी बरेच दवाखाने दोन-तीन तास बंद असतात, तेव्हा वेळ बघूनच निघा.

सोबत विम्याला जोडलेलं माय नंबर कार्ड, म्हणजे जपानचं सरकारी ओळखपत्र, किंवा विम्याचं 'शिकाकु काकुनिन्शो' हे पत्र घ्या. साधारणपणे खर्चाचा ३० टक्के वाटा आपला. नोंदणीच्या खिडकीशी "हाजिमेते देसु" म्हणजे "पहिल्यांदाच आलोय" म्हणा, की 'मोन्शिन्ह्यो' हा प्रश्नांचा कागद हातात येतो. चालू औषधं, अॅलर्जी, गरोदरपण, सगळं लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: त्रास सांगायचा कसा? इथे मराठी माणसाला भाषा परकी वाटत नाही. आपण चुरचुर, खरखर म्हणतो, तसेच जपानी लोकही जोडशब्द वापरतात. चुरचुरत असेल तर 'हिरिहिरि', कोरडी खरखरीत त्वचा 'कासाकासा', पुरळ 'बुत्सुबुत्सु', पाणी सुटत असेल तर 'जुकुजुकु'. आणि खाज म्हणजे 'कायुइ'. एवढे पाच शब्द पाठ करा.

फोटो मात्र नक्की न्या. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, ती तपकिरी किंवा जांभळट दिसते. खाज वाढते तेव्हाचा आणि त्रास नव्हता तेव्हाचा, असे दोन्ही फोटो दाखवले की डॉक्टरांना फरक लगेच कळतो.

औषधाची चिठ्ठी, 'शोहोसेन', दिल्याचा दिवस धरून ४ दिवसच चालते. त्यामुळे त्याच दिवशी 'याक्क्योकु'त, म्हणजे औषधाच्या दुकानात जा. तिथे मिळणारी 'ओकुसुरि तेचो' ही औषधांची वही जपा, पुढच्या प्रत्येक दवाखान्यात दाखवा.

मलमाचं प्रमाण विचारून घ्या. अर्धा ग्रॅम मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तर्जनीच्या टोकाच्या पेराएवढी रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम असं सांगतात, पण ५ ग्रॅमच्या छोट्या ट्यूबचं तोंड बारीक असतं, तिची तेवढी रेघ कमी पडते. खाज थांबली म्हणून मलम मनानं बंद करू नका. निघताना विचारा, "इत्सु मादे नुरिमासु का?", कधीपर्यंत लावायचं?