भटक्या मांजरांच्या नसबंदी क्लिनिकमध्ये व्हॉलंटियर म्हणून जायचंय? मग हे वाचून जा

मला मांजरं खूप आवडतात, मी येऊ का मदतीला असं बरेच जण विचारतात, माझं उत्तर नेहमी हो असतं, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते की तिथे मांजरांना कुरवाळायला जवळजवळ मिळत नाही. ही माणसाळलेली मांजरं नसतात, पिंजऱ्यात घाबरून बसलेली असतात आणि तुम्ही कितीही प्रेमाने हात पुढे केलात तरी त्यांना तो धोकाच वाटतो. डॉक्टर एका मांजराजवळ फार थोडा वेळ असतात, बोक्याचं ऑपरेशन तर अनुभवी हात काही मिनिटांत करतात. त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे तास व्हॉलंटियरच्या नजरेखाली जातात. म्हणून प्रेमापेक्षा लक्ष लागतं, दिवसभर, न कंटाळता.

हे एवढं का करायचं तर मांजरी चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण 63 ते 65 दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच परत गाभण राहू शकते. एक मांजरी त्या दिवशी नसबंदीशिवाय राहून गेली तर पुढच्या वेळी ती आणि तिची पिल्लं सगळीच पकडायला लागतात.

जायच्या आधी रेबीजची आधीच घेतात ती लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, आपल्याला काय चावणार आहे असं म्हणून टाळू नका. पायात बंद बूट, अंगात जाड कापडाचे कपडे, हातात अंगठ्या-बांगड्या नकोत. प्रेग्नंट असाल तर तसं आधीच सांगा, तुम्हाला मांजरांची शी साफ करणं आणि भुलीचा गॅस असतो ती खोली सोडून दुसरं काम देतील. घरी मांजर असेल तर तिचं लसीकरण पूर्ण पाहिजे आणि क्लिनिकचे कपडे-बूट दाराशीच काढायचे, कारण मांजरांचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्युकोपेनिया या आजाराचा विषाणू, बुटांवरून कपड्यांवरून घरी येतो आणि नुसत्या साबणाने तो मरत नाही, ब्लीच लागतं.

सकाळी पिंजरे यायला लागले की गडबड असते आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्यात शांत डोक्याने काम करायचं असतं. प्रत्येक पिंजऱ्यावर चादर पाहिजे, अंधार झाला की मांजर धडका मारणं थांबवतं, नाहीतर जाळीवर नाक घासून रक्त काढतं. एका पिंजऱ्यात एकच मांजर. मग नंबर. हा नंबर पिंजऱ्यावर, फॉर्मवर आणि भूल दिल्यावर मांजराच्या अंगावरच्या पट्टीवर, तिन्ही ठिकाणी सारखाच पाहिजे, कारण मांजर पिंजऱ्यातून बाहेर आलं की ते कुठलं हे सांगणारं दुसरं काहीच नसतं. एकाच दिवशी पाच काळी मांजरं आली की कळतं हे. मांजर जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं, तिथली जागा, खायला घालणारी माणसं, लपायच्या फटी सगळं त्याला माहीत असतं, नंबर चुकला तर ते अनोळखी गल्लीत जाऊन पडतं आणि परत सापडत नाही. त्यामुळे नंबरात शंका आली तर काम थांबवा आणि विचारा, कोणी घाई करत असलं तरी.

फॉर्म भरताना आणणाऱ्याला नीट विचारा. कुठून पकडलं, खातंय का, शिंका-जुलाब आहेत का, आजूबाजूला पिल्लं दिसली होती का. नर की मादी हे अंदाजाने लिहू नका, माहीत नाही असं लिहा. तीन रंगी असेल तर ती बहुतेक मादीच आणि केशरी असेल तर बोका असण्याची शक्यता जास्त, पण नक्की काय ते टेबलावरच कळतं. कान पण बघा, एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर नसबंदी आधीच झाली आहे, लगेच डॉक्टरांना सांगा म्हणजे उगाच परत भूल द्यायला नको. बऱ्याच ठिकाणी डावा कान करतात, काही ठिकाणी उजवा, तुमच्याकडे कुठला ते विचारून घ्या. मोठ्या मांजराचा साधारण 1 सेंटिमीटर तुकडा काढतात, भुलीतच, त्यामुळे दुखत नाही आणि पुढे लांबूनही ओळखता येतं.

उपाशी ठेवण्याबद्दल गोंधळ फार होतो. मोठ्या मांजराला रात्रीपासून खायला नाही, पाणी चालतं. पिल्लाला मात्र रात्रभर उपाशी ठेवायचं नाही, साखर उतरते आणि ते गळून जातं, त्याला सकाळी थोडंसं खायला देऊन आणायचं, किती आणि कधी ते क्लिनिकला विचारायचं.

जागं मांजर असलेल्या पिंजऱ्यात हात घालायचा नाही. कधीच नाही. जाळीतून इंजेक्शन देणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. चुकून मांजर सुटलंच तर त्याच्यावर झडप घालू नका, दारं-खिडक्या लावा, सगळे जागच्या जागी थांबा आणि जाळी घेऊन येणाऱ्याला जागा द्या.

भूल चढली की वजन, डोळ्यात मलम, केस काढणं. मलम विसरायचं नाही, भुलीत मांजराचे डोळे उघडेच राहतात आणि कोरडे पडले की बुबुळाला इजा होते. वजन अंदाजे चालत नाही कारण औषधाचा डोस त्याच्यावर ठरतो, काट्यावर टॉवेल ठेवला असेल तर आधी काटा शून्यावर आणा. केस काढताना कातडी हलकी ताणून मशीन आडवं धरा, आचळांजवळ सांभाळून, आणि पातं अधूनमधून हाताला लावून बघा, गरम झालेलं पातं पोटाची नाजूक कातडी भाजतं.

आता रिकव्हरी, म्हणजे ऑपरेशननंतर जागं होईपर्यंतचा वेळ. माझ्या मते सगळ्यात जबाबदारीची जागा ही. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39.2 सेल्सिअस असतं, पण भूल, काढलेले केस, ओलं केलेलं पोट, गार टेबल सगळं मिळून ते खाली येतं, पिल्लांचं तर फार पटकन, आणि गार पडलेलं मांजर लवकर जागं होत नाही. ऊब द्यायची ती गरम पाण्याच्या बाटल्या किंवा तांदूळ भरून गरम केलेले मोजे कापडात गुंडाळून. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, कारण जागं मांजर चटका बसला की सरकतं, भुलीतलं सरकू शकत नाही. मांजर कुशीवर, मान सरळ, जीभ थोडी पुढे ओढलेली, नाकासमोर चादरीचा बोळा नको. दर पाच मिनिटांनी छाती हलतेय का बघा, ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक, पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या तर हाक मारायची, मोठ्याने, डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये आहेत म्हणून थांबायचं नाही. टाक्यांवर रक्ताचा एखादा थेंब चालतो, ठिबकत राहिलं तर चालत नाही. पिल्लू उशिरापर्यंत सुस्त असेल तर डॉक्टरांना विचारून हिरड्यांना साखरेचा पाक चोळतात.

कान फडकला, मिशा हलल्या, जीभ हलायला लागली की मांजर पिंजऱ्यात ठेवायची वेळ झाली. डोकं उचलेपर्यंत वाट बघायची नाही, रानटी मांजर अर्ध्या भुलीत उठलं की आंधळ्यासारखं धावतं. दार लावून कडी दोनदा तपासा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत आत पाण्याची वाटी नको, त्यात तोंड पडलं तर मांजर बुडू शकतं. आणि त्या खोलीत हळू बोला, फोनचा फ्लॅश नको.

चावलं तर लपवू नका. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, आतल्या आत काही तासांत पू व्हायला लागू शकतो. लगेच साबण आणि वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, प्रमुखांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराला निरीक्षणाखाली ठेवतील म्हणून काही लोक मांजराच्या मायेने गप्प बसतात, मला ती माया कळते, पण रेबीज एकदा लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ कधीच बरा होत नाही, तिथे गप्प बसायला जागाच नाही.

ऑपरेशनची हत्यारं धुणं कंटाळवाणं वाटतं पण नीट झालं पाहिजे. आधी गार पाणी, गरम पाण्याने रक्त चिकटून बसतं, चिमट्यांचे सांधे उघडून ब्रश मारायचा, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या मशीनमध्ये.

घेऊन जाणाऱ्याला देताना नंबर परत जुळवा आणि सांगा की बोका निदान त्या रात्री आणि मांजरी निदान 24 तास पिंजऱ्यातच, उबदार बंद जागेत. दूध पाजणारी मांजरी असेल तर ती पूर्ण शुद्धीवर आली की डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर सोडतात, पिल्लं वाट बघत असतात. आणि माणसांची दुखण्याची गोळी द्यायची नाही, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, थोडंसं सुद्धा.

पहिल्यांदा जाताय तर रिकव्हरी मागू नका, चादरी धुणं, पिंजरे घासणं, फॉर्म लिहिणं घ्या, आणि मधल्या वेळात रिकव्हरीतल्या अनुभवी माणसाजवळ उभं राहून हिरड्या कशा बघतात ते बघत राहा.