पान उघडण्याआधी वहीत काय लिहून ठेवावं: पोकेमॉनच्या ॲबिलिटी आणि त्यांची नावं

पोकेमॉनच्या ॲबिलिटींची, म्हणजे गेममध्ये पोकेमॉनकडे असणाऱ्या अंगभूत खास गुणांची, मराठी विकी करायला बसणार असाल, तर आधी कागदावर एक अक्षर ठरवून घ्या: ॲ. चेष्टा नाही. हे अक्षर काही कीबोर्डांवरून एकसंध येतं, तर काहींवरून अ वर चंद्र देऊन बनतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच, विकीला मात्र वेगळी. माझ्या हौशी विकीवर त्यामुळे ‘ॲबिलिटी’ नावाचे दोन वर्ग, म्हणजे पानांचे गट, तयार झाले, अर्धी पानं एकीकडे, अर्धी दुसरीकडे. कारण सापडेपर्यंत दोन रविवार गेले. तेव्हा एकसंध ॲ हाच नियम, दुसऱ्या रूपावरून पुनर्निर्देशन, म्हणजे ते शोधणारा आपोआप मुख्य पानावर पोचेल. थंडर-थण्डर, ड्रिझल-ड्रिजल या जोड्यांचंही असंच एकदा काय ते ठरवून टाका.

मग भाषांतराचा मोह. ‘थिक फॅट’ या ॲबिलिटीचं ‘जाड चरबी’ करून झालं, हसूनही झालं. आता ते खोडा. खेळणाऱ्याला पडद्यावर थिक फॅट दिसतं आणि तो तेच शोधणार. शीर्षक गेममधलं, अर्थ पहिल्या ओळीत.

गेममधलं म्हणजे कोणत्या गेममधलं, हे लगेच पुढे लिहा. ॲबिलिटी आल्या 2002 च्या रुबी-सफायर या गेमपासून, आणि पाचव्या पिढीपर्यंत (पिढी म्हणजे गेमच्या मालिकेतला एकेक टप्पा) इंग्रजी नावाला 12 अक्षरांचीच जागा होती. लाइटनिंगरॉड, कंपाउंडआइज ही नावं इंग्रजीत मोजून पाहा, बरोबर 12 भरतात; मध्ये जागा सोडली की 13. म्हणून ती चिकटलेली. 2013 च्या एक्स आणि वायमध्ये, म्हणजे सहाव्या पिढीत, ती सुटी झाली. शीर्षकाला नवं, सुटं रूप घ्या, जुन्यावरून पुनर्निर्देशन ठेवा. मूव्हची, म्हणजे लढाईतल्या डावांची, पानंही करणार असाल, तर देवनागरीची एक मजा आहे: ‘फेंट ॲटॅक’चं इंग्रजी स्पेलिंग सहाव्या पिढीत बदललं, आपल्याकडे ते आधीही फेंट, नंतरही फेंटच. शीर्षकाला हात लावावा लागत नाही, फक्त इतिहासात एक ओळ.

शीर्षकातल्या कंसाचा नियम ठरवा. मेट्रोनोम मूव्ह आहे आणि आयटमही. सायकिक टाइप आहे आणि मूव्हही. काहीजण टक्कर होते तिथेच कंस लावतात. मी सरसकट ‘(ॲबिलिटी)’ लावतो, कारण आज एकटं असलेलं नाव पुढच्या गेममध्ये एकटं राहीलच याची खात्री कोण देणार? दुव्यात कंस दिसू नये म्हणून एक छोटा साचा (टेम्पलेट) आधीच बनवून ठेवा. ‘ॲज वन’ची गंमत वेगळीच: कॅलिरेक्स या पोकेमॉनच्या दोन रूपांच्या दोन ॲबिलिटी, नाव मात्र एकच. तिथे कंसात घोड्याचं नाव घालावं लागतं, ग्लॅस्ट्रियर किंवा स्पेक्ट्रियर.

उलटा प्रकारही आहे. ह्यूज पॉवर आणि प्युअर पॉवर दोन्ही अटॅक दुप्पट करतात. ‘मग एकच पान करू’ असं कुणीतरी म्हणेलच. करू नका. नावं दोन, पानं दोन, एकमेकांना दुवे.

वर्ग थोडेच ठेवा: पिढी आणि परिणाम, म्हणजे हवामान बदलणाऱ्या, स्टॅट (अटॅकसारखे ताकदीचे आकडे) वाढवणाऱ्या वगैरे. ॲबिलिटी तीनशेच्या वर गेल्या आहेत, पण म्हणून तीनशे वर्ग नकोत.

शेवटी पानाचा साचा, म्हणजे मांडणी. वर आजचा परिणाम, खाली पिढीवार बदल. तो लाइटनिंग रॉडवर घासून पाहा. आधी ही ॲबिलिटी डबल बॅटलमध्ये, म्हणजे दोन-दोन पोकेमॉनच्या लढतीत, इलेक्ट्रिक मूव्ह स्वतःकडे ओढायची, बस. पाचव्या पिढीपासून त्या मूव्हचा मार बसत नाही आणि वर स्पेशल अटॅक वाढतो. मग ड्रिझल: पाचव्या पिढीपर्यंत तिचा पाऊस आपणहून थांबत नसे, सहावीपासून एरवी 5 टर्न. ही दोन्ही पानं साच्यात नीट बसली, की तिसरं उघडा.